माळीणच्या डोंगरावरून निरोप खाली कसा येईल? मुंगीला विचारा

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने बस घेऊन आला, तर समोर गावच नव्हतं. तेव्हापासून पावसाळा आला की आपल्याकडे एक सवाल निघतोच: डोंगर आधी काही सांगत नाही का?

सांगतो. पाणी मुरून मातीच्या आतला दाब वाढतो, उतार किंचित सरकतो. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने जमिनीत खोल सेन्सर पुरून हेच मोजलं आणि २००९ च्या पावसाळ्यात तिथून इशाराही दिला. म्हणजे मोजणं जमतं. खरी अडचण आहे मोजलेलं खाली पोचवण्याची. डोंगरात वीज नाही, वायर टिकत नाही, बहुतेक सेन्सर छोट्या बॅटरीवर चालतात. आणि बॅटरी जास्त संपते ती बहुधा मोजण्यात नाही, निरोप पाठवण्यात.

मुलांना हा हिशेब करायला द्या. वायरलेस निरोपाचा खर्च मोकळ्या जागेतही अंतराच्या वर्गाने वाढतो. १०० मीटर एका दमात गाठायचे तर १०० गुणिले १००, म्हणजे १०,०००. तेच १० मीटरचे १० टप्पे केले तर फक्त १,०००. (टप्प्यावरच्या सेन्सरला निरोप ऐकायलाही बॅटरी लागते, म्हणून खरी बचत कमी.) जुन्नरमध्ये हळू बोलण्याला आणखी एक कारण आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आकाशातले फार क्षीण रेडिओ संकेत ऐकते, म्हणून त्या भागात रेडिओ लहरींचा गोंगाट चालत नाही.

तर निरोप हातोहात पुढे जातो. पण कोणाच्या हातून? सगळ्यांनी जवळचीच वाट धरली तर वाटेतल्या दोघाचौघांची बॅटरी आधी संपते आणि मागचे सगळे मुके होतात.

इथे मुंगी कामाला येते. मुंगी चालताना वास सोडते. जवळच्या वाटेने गेलेली लवकर परतते, म्हणून त्या वाटेवर वास लवकर साचतो आणि बाकीच्या तिकडे वळतात. वास उडूनही जातो, म्हणून बंद पडलेली वाट आपोआप विसरली जाते. इटलीच्या मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये आपल्या पीएचडीत यावरून गणिती पद्धत बसवली. सेन्सरच्या जाळ्यात मुंगी म्हणजे एक छोटा चाचणी-निरोप. तो कोणत्यातरी वाटेने खाली जातो, आणि परतताना त्या वाटेचा आकडा वाढवतो. अंतर कमी आणि वाटेतल्या सेन्सरांत बॅटरी शिल्लक, तर आकडा जास्त वाढतो. वेळेनुसार सगळे आकडे थोडे घटवले जातात. तेच वास उडणं. कोणी वरून हुकूम देत नाही, प्रत्येक सेन्सर फक्त शेजाऱ्याचे आकडे बघतो.

दुसरी युक्ती आपल्या ओळखीची. जमातीचा चंदा द्यायला प्रत्येक घर ऑफिसात जात नाही, गल्लीतला एक जण गोळा करून नेतो. सेन्सरही तसा एक मुखिया निवडतात आणि तो पाळीपाळीने बदलतात, नाहीतर एकटाच थकेल. ही निवड कशी करायची यासाठी काही संशोधकांनी तुर्कस्तानच्या दरविश काराबोगा यांची २००५ ची मधमाश्यांची पद्धत वापरली आहे.

माझं मत विचाराल तर कागदावरच्या दाव्यांनी लगेच हुरळू नये. यातलं बरंचसं काम संगणकावर आभासी सेन्सर मांडून झालेलं आहे, आणि तिथे सह्याद्रीचा पाऊस पडत नाही. मुंगीची पद्धत बरी वाट देते, सर्वात उत्तम वाटेची हमी देत नाही. शिवाय दरडीच्या कामात बॅटरी वाचवणं हे एरवीचं काम. दाब एकदम वाढला की सेन्सरने काटकसर सोडून थेट, पूर्ण ताकदीने ओरडलं पाहिजे. एरवी वाचवलेली बॅटरी त्या रात्रीसाठीच असते.