गोल करणारा नको, चकती मिळवणारा हवा

3 जानेवारी 2019 रोजी नॅशनल हॉकी लीग या आइस हॉकी स्पर्धेच्या गुणतक्त्यात 31 संघ होते आणि सेंट लुईस ब्लूज होता 31वा. 37 सामन्यांत 15 विजय. त्याच वर्षी 12 जूनला बॉस्टनमध्ये याच संघाने स्टॅनली चषक जिंकला, 1967 पासून खेळणाऱ्या या क्लबचा पहिलाच. चमत्कार म्हणून सोडून द्यायला हरकत नव्हती. पण या संघाच्या आघाडीच्या फळीची जुळवाजुळव पाहिली, तर चमत्काराची बरीच तयारी आधीच झालेली होती. फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

आपल्याकडे हॉकी म्हटली की धनराज पिल्लेची सुसाट धाव आठवते. आइस हॉकीत एकट्याने धावून फार काही साधत नाही. गोलरक्षक सोडला तर बर्फावर पाचच जण. त्यातले तिघे आघाडीचे, मधला सेंटर आणि दोन बाजूंना दोन विंगर. अशी चार त्रिकुटे आलटून पालटून उतरतात आणि पाऊणएक मिनिटात दमून बाकावर परततात. म्हणून इथे नुसता खेळाडू चांगला असून भागत नाही, त्याच्या शेजारी कोण खेळतो यावर बरेच ठरते.

ब्लूजकडे गोल मारणारा होता: रशियाचा व्लादिमिर तारासेंको. तरी 2018 मध्ये संघ बाद फेरीला मुकला. व्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी दुसरा तारासेंको शोधला नाही. 1 जुलै 2018 रोजी त्यांनी बफेलो सेबर्सकडून रायन ओरायली हा सेंटर आणला. ओरायलीची ख्याती गोलांपेक्षा वेगळ्याच गोष्टींसाठी होती. फेसऑफ जिंकणे, म्हणजे पंचाने दोघांच्या मध्ये टाकलेली चकती (इथला चेंडू) काठीने आपल्याकडे ओढणे. प्रतिस्पर्ध्याच्या काठीखालून ती अलगद काढून घेणे. आणि सराव संपल्यावरही बर्फावर रेंगाळणे. चकतीच हाती नसेल तर नेमबाज काय करणार?

किंमत मोठी होती. आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत रोख व्यवहारात येऊ शकला. उत्तर अमेरिकेतल्या या लीगमध्ये पगाराच्या बेरजेला कमाल मर्यादा असते, त्या हंगामात संघामागे 7 कोटी 95 लाख डॉलर. आणि खेळाडू रोखीने घेता येत नाही, माणसाच्या बदल्यात माणसे द्यावी लागतात, नाहीतर नवोदितांच्या निवडीतला आपला भावी क्रमांक. आर्मस्ट्राँग यांनी पॅट्रिक बेरग्लुंड, व्लादिमिर सोबोत्का आणि टेज थॉम्पसन हे तिघे दिले, वर पहिल्या फेरीतली एक आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड. शिवाय त्याच दिवशी ओरायलीला देय असलेला 75 लाख डॉलरचा बोनसही ब्लूजच्या अंगावर आला. त्याच दिवशी डेव्हिड पेरॉन आणि टायलर बोझॅक यांच्याशीही करार झाले. काही दिवसांनी मूळचा सेंट लुईसचाच पॅट मरून आला.

आणि एवढे करून संघ हरतच राहिला. नोव्हेंबरात लॉस एंजेलिसविरुद्ध घरच्या बर्फावर 0-2 असा पराभव झाला आणि प्रशिक्षक माइक यो यांची गच्छंती झाली. हंगामी म्हणून आले क्रेग बेरुबी. खेळाडू असताना ते 3 हजारांहून अधिक मिनिटे दंडाच्या बाकावर बसलेले, म्हणजे मारामारीचे काम करणारे गृहस्थ. त्यांच्या हाताखालीही दीड महिना सुधारणा दिसली नाही. संघ तळाला गेला तो त्यांच्याच कारकिर्दीत. हे सोयीस्करपणे विसरले जाते.

बेरुबींनी सांगितलेले काम साधे आणि कंटाळवाणे होते. चकती नजाकतीने आत नेण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीमागे ढकलायची. ती उचलायला पाठमोऱ्या वळलेल्या बचावपटूवर पहिल्या आघाडीपटूने आदळायचे, दुसऱ्याने कडेच्या फळकुटाजवळ सुटलेली चकती उचलायची, तिसऱ्याने मागे थांबून परतीची वाट अडवायची. असे चाळीसदा केले की तिसऱ्या, शेवटच्या सत्रात समोरचे पाय जड होतात. अलेक्झांडर स्टीनसारख्या जुन्या मानकऱ्याला त्यांनी चौथ्या त्रिकुटात, इव्हान बार्बाशेव्ह आणि ऑस्कर सुंडक्विस्टच्या जोडीला बसवले आणि त्याने कुरकुर केली नाही. तेच त्रिकूट पुढे प्रतिस्पर्ध्याच्या बड्या खेळाडूंना रोखायला वापरले गेले.

जेडन श्वार्ट्झचे आकडे तर प्रशिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावेत असे आहेत. साखळीतल्या 69 सामन्यांत 11 गोल. बाद फेरीच्या 26 सामन्यांत 12, त्यात दोन हॅटट्रिक. जानेवारीत आकडे पाहून कुणी त्याला विकून टाकले असते, तर वावगे वाटले नसते.

बाद फेरीत डॅलसविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा सत्रात, 19 वर्षांच्या रॉबर्ट थॉमसने फटका मारला. चकती खांबाला लागली, तिथून गोलरक्षक बेन बिशपला मागून आदळली आणि गोलरेषेजवळ पडली. मरून तिथेच उभा होता. त्याने ती नुसती आत सारली. नशीब म्हणा, पण गोलजाळीच्या तोंडाशी अंगावर मार खात उभे राहायलाही कुणीतरी लागतेच.

बॉस्टनमधल्या निर्णायक सामन्यात पहिल्या सत्रात ब्लूजचे गोलवर फटके होते चार, गोल दोन. पहिला गोल ओरायलीचा, लांबून आलेल्या फटक्याला वाटेत काठी लावून. संपूर्ण बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो. अर्थात त्याच सत्रात बॉस्टनचे 12 फटके जॉर्डन बिनिंग्टनने अडवले नसते, तर हा लेख वेगळा झाला असता. जानेवारीत पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलमध्ये उतरलेल्या या नवख्या गोलरक्षकाचे श्रेय आघाडीच्या फळीला देऊन चालणार नाही.

मग बफेलो फसले का? तेव्हा सगळे हो म्हणत होते. बेरग्लुंडने हंगाम अर्ध्यावर सोडला. पहिल्या फेरीची निवड विजेत्या संघाची असल्याने थेट शेवटची, 31वी आली. राहिला थॉम्पसन, उंच आणि अवघडलेला विंगर. 2021-22 मध्ये प्रशिक्षक डॉन ग्रॅनाटो यांनी त्याला बाजूवरून मध्ये, सेंटरच्या जागी आणले. त्या हंगामात 38 गोल, पुढच्यात 47. ओरायली तोवर सेंट लुईस सोडून टोरांटोला गेला होता. आणि 47 गोल मारणारा हाताशी असतानाही 2023 मध्ये बफेलोची बाद फेरी हुकली, अवघ्या एका गुणाने.