पॉलिसी मिळेल, भरपाईचं काय?

दुर्गापुरा स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं विम्याचं छोटंसं ऑफिस आहे. वडील रेल्वेत होते, बदलीवर जयपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, काउंटरवर हिंदी. लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडे एक ठरावीक गिऱ्हाईक येतं: मॅरेज गार्डनमधून रात्री उशिरा निघालेलं, टोंक रोडवर पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकलेलं आणि त्यापायी कोर्टाची पायरी चढलेलं. खुर्चीत टेकायच्या आधीच प्रश्न येतो, ‘‘आंटीजी, अब मेरी गाडी का बीमा कोई करेगा भी?’’

करतील, मी सांगते. कुठलीही कंपनी करेल आणि बहुतेक गेल्या वर्षीच्याच हिशेबाने करेल. तो सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि मला काळजी वाटते ती तिथूनच.

आपल्याकडे हप्ता ठरतो गाडीवरून, चालवणाऱ्यावरून नव्हे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओडी’चा हप्ता गाडीची किंमत, वय, इंजिन आणि शहर यांवर बेततात. मुंबई-पुणे ‘ए’ झोनमध्ये, जयपूर ‘बी’मध्ये. या सगळ्या गणितात मालकाला कोर्टाने काय सुनावलं याला रकाना नाही.

परदेशात असं नसतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या शिक्षेनंतर ‘एसआर-२२’ नावाचा दाखला विमा कंपनीमार्फत सरकारदरबारी भरावा लागतो, आणि तो लागला की हप्ता चढतोच. न्यू जर्सीत तर राज्य सरकारच पहिल्या गुन्ह्याला वर्षाला १,००० डॉलर असा तीन वर्षं दंडहप्ता लावतं. आपल्याकडेही हा विचार झाला होता. विमा नियामकाच्या, म्हणजे ‘इरडा’च्या, कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल गुण मोजायचे, चुकीच्या पार्किंगला १० तर दारू पिऊन चालवण्याला १००, आणि त्या गुणांवर वेगळा हप्ता लावायचा. सुरुवात दिल्लीत करावी अशी शिफारस होती. देशभर काही तो हप्ता आला नाही. त्यामुळे सरळ चालवणारा आणि झिंगून चालवणारा माझ्या काउंटरवर सारखेच पैसे मोजतात.

म्हणून लोकांना वाटतं, दंड भरला, विषय संपला. मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० पर्यंत होता. दहा हजारांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. निकालपत्रातली दुसरी ओळ मात्र कोणी वाचत नाही. या गुन्ह्यात लायसन्ससाठी निदान सहा महिने अपात्र ठरवावं, असं २० वं कलम कोर्टाला सांगतं.

माझ्याकडे कोणी असा आला की मी आधी तो आदेश मागते आणि अपात्रतेची तारीख पॉलिसीच्या फाइलवर लाल पेनाने लिहिते. त्या मुदतीत तो स्वतः गाडी चालवताना ठोकला, तर प्यायलेला असो वा नसो, ओडीचा क्लेम गेलाच म्हणायचा. गाडीचा विमा चालूच असतो. भाऊ, बायको किंवा पगारी ड्रायव्हर, कुणीही वैध लायसन्सवर ती चालवावी. यानेच फक्त स्टिअरिंगपासून लांब राहायचं.

दुसरी गोची पोलीस ठाण्याच्या आवारात होते. गाडी जप्त होऊन धूळ खात उभी असते आणि इकडे पॉलिसीची मुदत टळते. ‘चालतच नाही तर विमा कशाला,’ असं म्हणून लोक थांबतात. मुदत उलटून ९० दिवस झाले की नो क्लेम बोनस बुडतो. पाच वर्षं क्लेम न घेता ओडीवर ५० टक्के सूट कमावलेला माणूस पुन्हा शून्यावर येतो. शिक्षेमुळे बोनस जात नाही, आळसामुळे जातो. शिवाय खंड पडला की गाडीचं इन्स्पेक्शन झाल्याशिवाय ओडी पुन्हा मिळत नाही.

आता खरा मुद्दा. पॉलिसीच्या मागच्या पानांवर, बारीक टायपात, ओडीचे अपवाद छापलेले असतात. मालक किंवा त्याच्या संमतीने चालवणारा नशेत असताना गाडीचं नुकसान झालं तर कंपनी देणं लागत नाही. झिरो डेप घ्या, इंजिन कव्हर घ्या, हा अपवाद कुठल्याच ॲड-ऑनने उठत नाही.

‘पण रक्ताचा रिपोर्टच नाही, मग सिद्ध कसं करतील?’ हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिलं. प्रकरण होतं इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ पर्ल बेव्हरेजेसच्या मालकीची पोर्श फुटपाथवर आदळली आणि जळून गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने कौल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चाचणीचा कागद नसला तरी बाकीच्या पुराव्यांवरून नशा सिद्ध करता येते, असं न्यायालयाने म्हटलं. सर्व्हेअर काय पाहतो हे मी जवळून पाहिलंय: एफआयआरमधली वेळ, गाडी कुठल्या कोनात आदळली, आणि इस्पितळाच्या एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल, कागदावर डॉक्टरने तोंडाच्या वासाबद्दल लिहिलेली अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीवर लाखांचा क्लेम अडतो.

समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर हिशेब आणखी वेगळा. अनेक प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावून मग ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा दिली आहे. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही नशेतल्या चालकाच्या प्रकरणात हेच सांगितलं. त्यातच १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या १५० व्या कलमाने ‘चालक नशेत होता’ हा बचाव कंपनीला कायद्यानेच देऊन ठेवला आहे. थोडक्यात, विमा असूनही बोजा मालकाच्या घरावर येऊ शकतो, मग चालवत होता तो त्याचा मुलगा का असेना.

शिक्षा झालेल्याने एवढं करावं. आदेशाची प्रत आणि अपात्रतेच्या तारखा जपून ठेवाव्यात. गाडी जप्त असली तरी पॉलिसी वेळेत रिन्यू करावी. प्रपोजल फॉर्ममध्ये चालकाचे आधीचे अपघात किंवा शिक्षा विचारल्या असतील तर खरं लिहावं. तिथे लपवलेली गोष्ट कंपनीच्या हातात आयता पुरावा देते. आणि गाडीची किल्ली कोणाकोणाच्या हातात जाते याचा हिशेब मालकाने ठेवावा.

अलीकडे मी आणखी एक रीत घातली आहे. असा ग्राहक रिन्यूअलला आला की ‘भाभीजींना घेऊन या’ म्हणते. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो आणि नॉमिनी म्हणून बहुधा तिचंच नाव असतं. चालवणारा नशेत असेल तर ते १५ लाखही मिळत नाहीत, हे वाक्य मी तिच्याकडे बघून म्हणते. दहा हजारांच्या दंडावर हसणारा नवरा तेव्हा खुर्चीत चुळबुळ करू लागतो, आणि पुढचे प्रश्न तीच विचारते.