धंदेशाळेचे शेजारी

धंदेशिक्षणाच्या शाळांतून टिकाऊ जीवनाची दृष्टी द्यावी, असे आज सर्वत्र बोलले जाते. बोलणे रास्तच आहे. परंतु एकटी शाळा हे ओझे वाहू शकत नाही, आणि याचा अनुभव वर्ध्याच्या परिसराइतका क्वचितच कोणास असेल.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हस्तव्यवसायाच्या द्वारे सात वर्षे शिक्षण, अशी योजना तीतून निघाली. पुढे सेवाग्रामी आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी ती चालवून दाखविली. नवी तालीम म्हणतात ती हीच.

पण ती सेवाग्रामी का रुजली? जरा भोवताली पाहा. मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघ. तेथे हातकागद, घाणी, मधमाश्या, आणि कुमारप्पांसारखा अर्थशास्त्रज्ञ. सृष्टीतील काही साठे वापरले की संपतात, काही पुन्हा भरून येतात, हा भेद त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. नालवाडीस चर्मालय. इकडे पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. १९५० च्या सुमारास तेथे कांचनमुक्तीचा प्रयोग चालला होता. पैशावाचून, बैलांवाचून शेती, आणि विहिरीचे पाणी माणसांनी रहाट फिरवून काढायचे. ही सारी ठिकाणे दोन-चार कोसांच्या टापूत. शाळेतील प्रश्नाला उत्तर देणारा माणूस पायी जाऊन भेटता येई.

योजना प्रांतोप्रांती गेली, तेव्हा अभ्यासक्रम गेला. मगनवाडी गेली नाही. माझ्या मते तिच्या पीछेहाटीचे हे मोठे कारण आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुढे ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला, पण शब्दाला शेजारी लागतात.

ते पाबळने मिळविले. पुणे जिल्ह्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे विषय. शिकवायला गावचेच कसबी लोक, आणि विद्यार्थ्यांनी गावाची खरी कामे करायची. काम बिघडले तर गाव बोलते. परीक्षक इतके स्पष्ट बोलत नाहीत!

आता आपल्याकडचे एक उदाहरण घ्या. आयटीआयमधला मुलगा मोटार भरायला शिकतो. वाइंडिंग ढिसाळ झाले, तारेचा गेज चुकला, तर पंप चालतो खरा, पण त्याच पाण्यासाठी वीज जास्त खातो. हे वर्गात कळत नाही. शेतावर मीटर लावून मोजले म्हणजे कळते. त्यासाठी शेतकऱ्याने विहीर दाखवावी, रिवाइंडिंगच्या दुकानदाराने मुलाला बाकावर बसू द्यावे, वीज कंपनीतल्या निवृत्त अभियंत्याने शनिवारी दोन तास द्यावेत. दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ चे. मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. त्यांच्याकडे निदेशकांनी मुलांना घेऊन वर्षातून एकदा सहलीला नव्हे, महिन्यातून एकदा कामाला जावे. जाण्या-येण्याचे भाडे कोणी द्यायचे, एवढाच प्रश्न बहुधा अडतो. आणि तो व्यापारी मंडळींच्या एका बैठकीत सुटण्याजोगा आहे.