त्रादितोर

‘विश्वासघातकी’, ‘फितूर’ या अर्थाचा लॅटिन शब्द. ख्रिस्ती धर्मेतिहासात, छळाच्या काळात धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणाऱ्यांना उद्देशून तो विशेषत्वाने योजिला गेला. ‘त्रान्स’ (पलीकडे) व ‘दारे’ (देणे) यांपासून झालेल्या ‘त्रादेरे’ (सुपूर्द करणे) या क्रियापदाचे हे कर्तृवाचक नाम होय. मूळ क्रियापदात दोषाची छटा नाही. रोमन कायद्यात ‘त्रादितिओ’ म्हणजे वस्तूचा प्रत्यक्ष ताबा देणे. शिष्याला विद्या देणे आणि शत्रूला किल्ला देणे ही दोन्ही ‘त्रादेरे’च. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या लॅटिन अनुवादात (११·२३) शिकवण पुढे सोपविणे व येशूला धरून देणे या दोहोंसाठी एकाच वाक्यात हेच क्रियापद आले आहे. देशद्रोह्यास अभिजात लॅटिनमध्ये सामान्यतः ‘प्रोदितोर’ म्हणत.

रोमन सम्राट डायोक्लीशन याने इ. स. ३०३ मध्ये चर्च पाडण्याचा व धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत ज्या धर्माधिकाऱ्यांनी भयापोटी ग्रंथ दिले, त्यांना ‘त्रादितोरेस’ हे निंदाव्यंजक नाव पडले. पुढे कार्थेजचा बिशप केसिलिआनुस याला दीक्षा देणारा आप्तुंगाचा फेलिक्स हा त्रादितोर आहे, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी वेगळा बिशप निवडला. त्यातून दोनातुस याच्या नावाने ओळखला जाणारा पंथ उदयास आला. पतित व्यक्तीच्या हातून झालेले संस्कार ग्राह्य की अग्राह्य, हा या वादाचा गाभा होता. आर्लच्या धर्मपरिषदेने (३१४) दोष सिद्ध झालेल्यांना पदच्युत करावे, परंतु त्यांनी दिलेली दीक्षा वैध मानावी, असा निर्णय दिला. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. उलट ३२० मधील एका चौकशीत दोनातुसपंथीय बिशप सिल्व्हानुस याचाच ग्रंथ देण्यातील सहभाग उघड झाला. संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्याच्या शुद्धतेवर अवलंबून नसते, असे सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पुढे प्रतिपादिले.

इटालियन ‘त्रादितोरे’, स्पॅनिश ‘त्राइदोर’ व जुन्या फ्रेंचमधून आलेला इंग्रजी ‘ट्रेटर’ हे याच शब्दाचे वंशज. ‘त्रादितिओ’पासून इंग्रजीत ‘ट्रॅडिशन’ (परंपरा) व ‘ट्रीझन’ (राजद्रोह) हे परस्परविरुद्ध वाटणारे दोन शब्द आले. लॅटिन ‘दारे’ व संस्कृत ‘दा’ यांचे मूळ एकच असून, ‘दा’पासून सिद्ध झालेल्या ‘संप्रदाय’ या शब्दातही पुढे सोपविण्याचीच कल्पना आहे. मात्र त्याला विश्वासघाताचा अर्थ कधी चिकटला नाही.