खारबाव आणि टेशन : स्थलनामे व इंग्रजी शब्द यांचे प्रादेशिक उच्चार

वसई रोड–दिवा लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या दरम्यान खारबाव हे स्थानक लागते. गावाचे नाव देवनागरीत ‘खारबाव’ असे लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र त्याच्या अखेरीस ‘व’ऐवजी ‘ओ’ हे अक्षर येते. देवनागरी वाचणारा मनुष्य हे नाव ‘बाजीराव’शी यमक जुळेल अशा रीतीने, ‘खार–बाव’ या दोन अवयवांत उच्चारतो. रोमन अक्षरांवरूनच ज्याला गावाची ओळख झाली, तो ‘खार–बा–ओ’ असे तीन अवयव करतो. नाव एकच, उच्चार दोन. यांपैकी बरोबर कोणता, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा भेद कोठून उत्पन्न होतो ते पाहणे अवश्य आहे.

मराठीत ‘आ’नंतर शब्दाच्या शेवटी येणारा ‘व’ हा पूर्ण व्यंजन राहत नाही. राव, भाव, गाव या शब्दांत तो ‘उ’ किंवा ‘ओ’ या स्वरांच्या जवळ जातो. म्हणूनच ‘राव’ हे उपपद रोमन लिपीत लिहितानाही शेवटी ‘ओ’ येतो. या दृष्टीने खारबावचे रोमन लेखन अज्ञानमूलक नाही. ज्याने ते प्रथम केले त्याच्या कानाने एक खरा ध्वनी टिपला होता. परंतु विभक्तिप्रत्यय लागताच या ध्वनीचे रूप पालटते. ‘गाव’मधील अस्फुट ‘व’ ‘गावात’ या रूपात स्पष्ट व्यंजन होतो. ‘खारबावात’ या रूपातही तसेच घडते. रोमन लेखन हे एका क्षणीच्या ध्वनीचे चित्र आहे, तर देवनागरी लेखनात त्या ध्वनीचे भाषेतील स्थान दिसते. ‘खारबाओ’ म्हणणारा पहिल्याच गोष्टीला धरून बसतो आणि प्रत्यय लावताना अडखळतो. शिवाय नावातील घटकही त्याला ऐकू येईनासे होतात. ‘खार’ म्हणजे खाडीकाठची खारवट जमीन आणि ‘बाव’ म्हणजे विहीर, हे दोन्ही शब्द कोकणात परिचित आहेत. वसईकडील ‘बावखल’ या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या नावातही हीच ‘बाव’ आढळते.

उत्तर कोकणात स्थलनामांचे असे रूपांतर नवे नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. त्यांच्या मुखी ‘वसई’ची ‘बसाईं’ झाली आणि पुढे इंग्रजांनी तिची ‘बसीन’ केली. ‘वांद्रे’चे ‘बांद्रा’ झाले. दोन्ही नावांत ‘व’च्या जागी ‘ब’ आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अशा बदलांना त्यांची स्वतःची शिस्त असते. ‘ठाणे’मधील ‘ठ’ हा महाप्राण मूर्धन्य वर्ण युरोपीय भाषांत नसल्यामुळे जुन्या इंग्रजी कागदांत ‘टाना’ असे रूप आढळते. ‘शीव’ रोमन लिपीतून फिरून आली ती ‘सायन’ होऊन. या शेवटच्या उदाहरणातील गोष्ट विशेष चिंतनीय आहे. परकीयांनी ‘सायन’ म्हणावे हे समजू शकते. परंतु आज मराठी बोलणारे कितीतरी मुंबईकरही ‘शीव’ न म्हणता ‘सायन’च म्हणतात. लिखित रूपाने उच्चारावर मात केली ती अशी.

रोमन लिपीची अडचण मुख्यतः तिच्या संदिग्धतेत आहे. ‘ठ’ व ‘थ’, ‘ण’ व ‘न’, ‘ड’ व ‘द’ हे भेद नित्याच्या रोमन लेखनात दिसत नाहीत. त्यामुळे ‘ठाणे’ हे ‘थाने’ असेही वाचता येते. येथे आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवला पाहिजे. भिवंडी परिसरातील आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. तेथील वृद्ध मनुष्य ‘ठान्याला’, ‘कल्यानला’ असे म्हणतो. बाहेरचा मनुष्य ‘थाने’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडीही ‘न’ असतो. परंतु पहिल्याचा ‘न’ बोलीच्या नियमातून आलेला आहे, दुसऱ्याचा लिपीच्या दारिद्र्यातून. पहिला ‘ठ’ कधीच सोडत नाही. याच बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो (डोळा–डोला) आणि दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होतो (घोडा–घोरा, होडी–होरी). ‘भिवंडी’तील ‘ड’ मात्र अनुनासिकाच्या आश्रयाने असल्यामुळे या नियमाच्या कक्षेत येत नाही. ज्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारले जाते, तिचे नियम किती काटेकोर असतात याचे हे निदर्शक होय.

इंग्रजीतून आलेल्या नित्याच्या शब्दांनाही हाच न्याय लागू पडतो. या अभ्यासासाठी भिवंडीसारखे क्षेत्र क्वचितच सापडेल. यंत्रमागांच्या या नगरीत मराठी भाषकांबरोबर उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आणि तेलुगू बोलणारे पद्मशाली पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. शब्दारंभीचे ‘स्ट’ हे जोडाक्षर या भागातील ग्रामीण मराठीला जड वाटते. ती ‘स’ गाळून ‘टेशन’ म्हणते. पूर्वेकडील हिंदी बोलणारा आधी स्वर जोडून ‘इस्टेशन’ म्हणतो. पंजाबी मनुष्य मध्ये स्वर घालून ‘सटेशन’ करतो. अडचण एकच, तीवरील उपाय तीन. मराठीला दुसरा उपाय अपरिचित आहे असे नव्हे.  तेलुगू भाषेला शब्दाच्या शेवटी स्वर हवासा वाटतो, म्हणून तीत ‘बस’ची ‘बस्सु’ आणि ‘कार’ची ‘कारु’ होते.

सुशिक्षितांच्या उच्चारातही प्रादेशिक छाप असतेच. तिची जाणीव मात्र त्यांना नसते. इंग्रजीतील ज्या संस्थेला मराठीत ‘बँक’ म्हणतात, तिला हिंदीत ‘बैंक’, गुजरातीत ‘बेंक’ आणि कानडीत ‘ब्यांक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांतही ‘ब्यांक’ हे रूप दिसते. इंग्रजीतील एका ‘व’साठी मराठी ‘व्ह’ वापरते, म्हणून मराठी घरात ‘टीव्ही’ असतो आणि हिंदी घरात ‘टीवी’. इंग्रजीचा ‘ट’ दंत्यही नव्हे आणि मूर्धन्यही नव्हे. भारतीय कान त्याला बहुधा मूर्धन्य ठरवितो. तरीही मराठीने ‘तिकीट’ या शब्दात पहिला वर्ण दंत्य केला व दुसरा मूर्धन्य ठेवला, तर हिंदीने ‘टिकट’मध्ये दोन्ही मूर्धन्य राखले. ‘तिकीट’ म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही. ‘टेशन’ म्हणणाऱ्याला हसतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोहोंत भेद नाही. भेद आहे तो प्रतिष्ठेचा, आणि तो शाळेत जाणाऱ्या मुलाला फार लवकर कळतो.

तथापि सामान्य शब्द व स्थलनाम यांत एक अंतर आहे. सामान्य शब्द ज्या भाषेत जातो तिच्या नियमाने चालतो; त्यावर मूळ भाषेचा हक्क उरत नाही. स्थलनामाचा मालक मात्र तेथील रहिवासी असतो. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात दिल्लीच्या नावावरून वसलेले एक गाव आहे. तेथील लोक त्याला ‘डेल्हाय’ म्हणतात आणि त्या गावापुरता तोच उच्चार प्रमाण ठरतो. १९६७ साली जिनिव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नामविषयक पहिल्या परिषदेनेही, नाव प्रमाणित करण्यापूर्वी त्याचे स्थानिक बोलीतील रूप जागेवर जाऊन ध्वनिमुद्रित करावे व ध्वनिलिपीत नोंदवावे, अशी शिफारस केली.

भिवंडी तालुक्यात आज गोदामांचा विस्तार झाला आहे. दूरदेशींहून येणाऱ्या मालाच्या पुडक्यांवर व नकाशांवर येथील गावांची नावे रोमन अक्षरांत छापलेली असतात, आणि नव्याने येणारा मनुष्य ती प्रथम तेथेच वाचतो. ‘शीव’च्या बाबतीत जे घडले ते येथे घडू नये, असे वाटत असेल तर नोंदणी आताच व्हावयास हवी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींच्या प्रतिमांकित सर्वेक्षणाचे कार्य अलीकडे केले आहे. स्थलनामांच्या स्थानिक उच्चारांची नोंद ही त्याला साजेशी पुरवणी होईल. नोंद करताना नाव सुटे विचारून भागणार नाही. ते वाक्यात, प्रत्ययासह, गावातील वडीलधाऱ्या माणसाकडून वदवून घेतले पाहिजे. कारण ‘खारबाव’मधील ‘व’ खरा प्रकट होतो तो ‘खारबावात’ म्हटल्यावरच.