चौतिसाव्या वर्षीचा केसपेपर

सांगली जिल्ह्यातील एका भुसार पेढीवर बसणारा तरुण. वय ३४. दुकानाचा सारा हिशेब त्याच्या हाती. वर्षाअखेर ताळेबंदात एका रुपयाचाही फरक पडत नाही. मात्र गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे म्हटले की त्याचा जीव कासावीस होतो. विधानात वाजंत्री सुरू झाली की तो मंडपाबाहेर निघून जातो. सामायिकाची ४८ मिनिटे तो निश्चल बसतो, कारण तिथे कोणी अवचित काही विचारत नाही. वधू-वर परिचय मेळाव्यातून दोनदा नकार आल्यावर नातलगांनी ‘तिरसट’ हा शिक्का पक्का केला. त्याने स्वतः वाचन करून दुसरा शब्द शोधला : स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम.

तो शाळेत होता तेव्हा हे कोणाच्या ध्यानी आले नाही, यात नवल नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व नमूद होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ही यादी २१ वर नेली आणि तिच्यात स्वमग्नतेला स्थान मिळाले. हुशार, अबोल मुलाला त्या काळी केवळ ‘लाजाळू’ म्हणत.

आता तपासणीचा खर्च. खासगी ठिकाणी दोन-तीन बैठका, चाचण्या आणि लेखी अहवाल यांचे शुल्क बहुधा वेगवेगळे आकारले जाते. म्हणून एकूण रक्कम आणि अहवाल त्यात धरला आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात मात्र केसपेपर काढून सुरुवात होते. प्रतीक्षा लांबते, एक दिवस रांगेत जातो. पण बैठका पुढे-पुढे होत राहतात. तिथे ‘प्रौढ वयातील स्वमग्नतेची तपासणी करावयाची आहे’ असे स्पष्ट सांगावे, अन्यथा नैराश्याच्या गोळ्यांवर बोळवण होण्याचा संभव असतो. कोठे जावे हे उमगत नसेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. महाजालावरील प्रश्नावल्या केवळ संशय दर्शवितात. त्यांना निदान मानू नये, आणि त्यासाठी पैसे तर मुळीच भरू नयेत.

निदान आणि प्रमाणपत्र यांत गल्लत होते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तीत ७० पेक्षा कमी गुण पडल्यास स्वमग्नता धरली जात नाही. वर्षानुवर्षे स्वतःला सावरून वागायला शिकलेल्या प्रौढाचे गुण कमी पडू शकतात. सवलतींसाठी, उदाहरणार्थ जुन्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांच्या वजावटीसाठी, किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. स्वतःला ओळखण्यासाठी मात्र डॉक्टरांचे निदान पुरेसे आहे.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाचा कागद विकत मिळत नाही. स्वमग्नता बालपणापासून असते. त्यामुळे डॉक्टर विचारतात ते लहानपणाचे. पहिला शब्द केव्हा उच्चारला? खेळणी रांगेत लावून ठेवी का? हे सांगू शकणारी आई आता सत्तरीला टेकलेली असते. तिची स्मृती आहे तोवरच हा पुरावा आहे, आणि आपल्याकडे नेमका इथेच अडसर येतो. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, समाजात चर्चा नको, म्हणून तपासणी ‘पुढच्या वर्षी’वर जाते. बहिणीचे स्थळ जपण्यासाठी भावाचे वय खर्ची घालणे हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नाही.

या घरातही दोन वर्षे अशीच गेली. अखेर आईनेच ट्रंक उघडली. तिसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा सापडला : ‘गणितात उत्तम. मधल्या सुट्टीत एकटाच बसतो.’ ते पुस्तक पिशवीत घालून मायलेक सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. बाह्यरुग्ण विभागातील गोंगाट सोसेना म्हणून तो जिन्याखाली उभा राहिला आणि रांगेत आई थांबली. डॉक्टरांनी तो शेरा दोनदा वाचला आणि पुढील बैठकीची तारीख दिली. परतताना आईने त्याला विचारले, “वाजंत्रीचा तुला खरेच त्रास होत होता का रे?”

“हो,” तो म्हणाला, “लहानपणापासून.”