मॉडेलमधील एनम क्षेत्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या योजनेसाठी भरलेला ऑनलाइन अर्ज मसुदा, सादर, मंजूर आणि नामंजूर यांपैकी कोणत्या तरी एकाच अवस्थेत असतो आणि या चारांपलीकडची अवस्था त्याला नसते. अशा ठरावीक, मोजक्या मूल्यांच्या संचाला संगणकशास्त्राच्या परिभाषेत एनम म्हणतात. आणि डेटाबेसमधील टेबलाचे प्रोग्रॅममध्ये प्रतिनिधित्व करणारा जो वर्ग असतो, म्हणजेच मॉडेल, त्यात असे क्षेत्र जोडण्याची सोय आज बहुतेक वेब फ्रेमवर्कमध्ये असते. रुबी भाषेतील रेल्समध्ये ही सोय २०१४ साली ४.१ या आवृत्तीबरोबर आली, तर पायथनमधील जँगोत पर्यायांची यादी देण्याची जी जुनी पद्धत होती तिला २०१९ च्या अखेरीस आलेल्या ३.० या आवृत्तीत खास एनम वर्गांची जोड मिळाली. घोषणा दोन-चार ओळींत आटोपत असल्यामुळे हे काम किरकोळ वाटते. परंतु त्या ओळींचा संबंध चालू कोड, डेटाबेस आणि आधीच साठवलेल्या नोंदी या तिन्हींशी येतो आणि प्रचलित गैरसमजांपैकी बरेचसे यांतील एखाद्याचा विसर पडल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

गैरसमज १ : मॉडेलमध्ये पर्यायांची यादी दिली की चुकीचे मूल्य डेटाबेसमध्ये जाऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : ही यादी प्रामुख्याने प्रोग्रॅमच्या पातळीवर पाळली जाते. जँगोमध्ये पर्यायांची तपासणी फॉर्म भरताना किंवा मॉडेलची पूर्ण पडताळणी करणारी ‘फुल क्लीन’ ही पद्धत बोलावल्यावर होते, मात्र नोंद साठवणारी ‘सेव्ह’ ही पद्धत ती पडताळणी आपणहून करत नाही. त्यामुळे कोडमधून थेट साठवलेली किंवा एकगठ्ठा बदललेली मूल्ये कॉलमच्या लांबीत बसत असतील तर विनातक्रार स्वीकारली जातात. पर्यायांची यादी बदलल्यावर जँगो मायग्रेशनची, म्हणजे टेबलाच्या रचनेतील बदल नोंदवणारी, फाइल तयार करते, पण त्या बदलापुरती डेटाबेसला कोणतीही आज्ञा दिली जात नाही. रेल्सचे वर्तन याहून कडक असून यादीबाहेरचे मूल्य नेमताक्षणीच त्रुटी उद्भवते आणि २०२३ मधील ७.१ या आवृत्तीपासून ही त्रुटी वापरकर्त्याला दाखवता येईल अशा साध्या पडताळणी-संदेशातही बदलता येते. तरीही रेल्समधील एनमच्या मागचा कॉलम बहुधा साधा पूर्णांकांचा असतो, आणि एखाद्याने थेट एसक्यूएल चालवून किंवा दुसऱ्या प्रणालीतून माहिती आयात करून त्यात ९७ हा अंक घातला, तर डेटाबेस तो नाकारत नाही. पुढे ती नोंद वाचताना रेल्सला त्या अंकाचे नाव सापडत नाही आणि अवस्था रिकामी दिसते.

खरा अटकाव हवा असेल तर तो डेटाबेसमध्येच, म्हणजे ‘चेक’ निर्बंधाच्या रूपात, घालावा लागतो. कॉलममध्ये कोणती मूल्ये चालतील ही अट अशा निर्बंधाने टेबलाच्या व्याख्येतच लिहिली जाते आणि जँगोमध्ये ती २०१९ च्या २.२ या आवृत्तीपासून मॉडेलमधूनच देता येते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात : एक म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.०.१६ पूर्वीच्या आवृत्त्या असा निर्बंध वाचून सोडून देत असत, त्याची अंमलबजावणी करत नसत. आणि दुसरी म्हणजे एसक्यूएलमध्ये नल, म्हणजे मूल्याचा अभाव, असलेली तुलना ‘अज्ञात’ ठरत असल्याने तिच्यामुळे चेक निर्बंधाचा भंग होत नाही, म्हणून रिकामे मूल्य रोखायचे असल्यास ‘नॉट नल’ ही अट वेगळी घालावी लागते.

गैरसमज २ : यादीतील क्रम केवळ वाचण्याच्या सोयीसाठी असतो.

वस्तुस्थिती : काही मांडण्यांमध्ये हा क्रम हेच साठवलेले मूल्य असते. रेल्समध्ये एनम साध्या यादीच्या रूपात दिले तर पहिल्या नावाला ०, दुसऱ्याला १ याप्रमाणे अंक मिळतात आणि डेटाबेसमध्ये फक्त अंक जातो. मसुदा, सादर, मंजूर, नामंजूर या यादीत कालांतराने ‘छाननीत’ ही अवस्था सादर आणि मंजूर यांच्या मध्ये घातली, तर २ या अंकाचा अर्थ छाननीत आणि ३ चा अर्थ मंजूर असा होतो; म्हणजे पूर्वी मंजूर झालेले अर्ज पुन्हा छाननीत गेलेले दिसतात आणि नामंजूर झालेले अर्ज मंजूर म्हणून वाचले जातात. या सगळ्यात त्रुटीचा एकही संदेश येत नाही, आणि स्वयंचलित चाचण्या दर वेळी नव्याने भरलेल्या माहितीवर चालत असल्यामुळे त्याही निर्धास्तपणे उत्तीर्ण होतात. जावातील जेपीए या मानकातही हाच धोका आहे, कारण एनम कसे साठवायचे हे स्पष्ट सांगितले नाही तर तेथे नावाऐवजी क्रमांक साठवला जातो.

उपाय साधा आहे : प्रत्येक नावाला त्याचे साठवण्याचे मूल्य जोडीने लिहून द्यावे, मग ते अंक असो वा शब्द, आणि एखादे नाव निवृत्त झाले तरी त्याचा अंक दुसऱ्या नावाला कधीही देऊ नये. जोड्या स्पष्ट लिहिल्या की यादी वर्णानुक्रमे लावली किंवा मध्ये भर घातली तरी जुन्या नोंदींचा अर्थ बदलत नाही.

गैरसमज ३ : शब्दरूपात साठवल्यास फार जागा जाते.

वस्तुस्थिती : पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधा पूर्णांक ४ बाइट घेतो आणि त्याचा स्वतःचा एनम प्रकारही ४ बाइटच घेतो, आठ रोमन अक्षरांचा शब्द मात्र लांबीच्या नोंदीसह ९ बाइट घेतो. हा फरक दहा लाख नोंदींमागे सुमारे ५ मेगाबाइट भरतो, आणि बहुतेक अ‍ॅप्लिकेशनच्या दृष्टीने तो नगण्य असतो. त्याच्या मोबदल्यात टेबल उघडून पाहणाऱ्याला किंवा अहवाल काढणाऱ्याला अंकांचा अर्थ कोडमध्ये शोधावा लागत नाही, हा लाभ मोठा आहे.

गैरसमज ४ : डेटाबेसचा अंगभूत एनम प्रकार एकदा बनवला की बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : हे मत जुन्या आवृत्त्यांच्या अनुभवातून रूढ झाले असून आज ते अंशतःच खरे आहे. पोस्टग्रेसमध्ये एनम प्रकार २००८ च्या ८.३ या आवृत्तीत आला. त्यात नवे मूल्य जोडण्याची आज्ञा २०११ च्या ९.१ मध्ये मिळाली आणि असलेल्या मूल्याचे नाव बदलण्याची सोय २०१७ च्या १० या आवृत्तीत झाली. बारावी आवृत्ती २०१९ मध्ये येईपर्यंत असलेल्या प्रकारात मूल्य जोडण्याची आज्ञा व्यवहारात, म्हणजे एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटात, चालत नसे, आणि अनेक फ्रेमवर्क प्रत्येक मायग्रेशन अशा व्यवहारात गुंडाळत असल्यामुळे अडचण येई. आता ती चालते, मात्र जोडलेले मूल्य तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत वापरता येत नाही. मूल्य काढून टाकण्याची थेट आज्ञा अद्यापही नाही, त्यासाठी नवा प्रकार बनवून कॉलम त्यात रूपांतरित करावा लागतो. रेल्सने ७.० या आवृत्तीपासून पोस्टग्रेसचे एनम प्रकार मायग्रेशनमधूनच बनवण्याची सोय दिली आहे.

मायएसक्यूएलमध्ये एनम हा कॉलमच्या व्याख्येचा भाग असून तो १ किंवा २ बाइट घेतो. यादीच्या शेवटी भर घातली तर टेबल सहसा पुन्हा बांधावे लागत नाही, मध्ये घातली तर ते बांधावे लागते. तेथील क्रमवारी वर्णानुक्रमे न लागता यादीतील स्थानानुसार लागते, आणि ०, १, २ असे अंकच मूल्ये म्हणून दिले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण अवतरणचिन्हांविना लिहिलेला २ हा अंक यादीतले दुसरे स्थान, म्हणजे ‘१’ हे मूल्य, असा घेतला जातो. एसक्यूलाइटमध्ये एनम प्रकारच नाही, त्यामुळे तेथे बहुधा चेक निर्बंधच वापरावा लागतो.

गैरसमज ५ : यादीतील पहिले मूल्य आपोआप मूलभूत मूल्य ठरते.

वस्तुस्थिती : याचे उत्तर साधनागणिक वेगळे आहे. रेल्समध्ये केवळ एनम घोषित केल्याने काही ठरत नाही, आणि कॉलमला किंवा घोषणेत मूलभूत मूल्य, म्हणजे काहीच न दिल्यास लागू होणारे मूल्य, दिले नसेल तर नव्या नोंदीची अवस्था रिकामीच राहते; याउलट मायएसक्यूएलमध्ये नॉट नल असलेल्या एनम कॉलमला मूलभूत मूल्य दिले नाही, तर यादीतील पहिले मूल्य तसे मानले जाते. म्हणून ते स्पष्ट लिहिणेच योग्य. जुन्या टेबलात नवा कॉलम घालताना तर हा प्रश्न तांत्रिक राहत नाही, कारण सर्व जुन्या नोंदींना सरसकट ‘मसुदा’ लावले तर निकाली निघालेले अर्जही मसुदे ठरतात. अशा वेळी कॉलम आधी रिकाम्या मूल्याची मुभा ठेवून जोडावा, जुन्या नोंदी त्यांच्या खऱ्या अवस्थेनुसार टप्प्याटप्प्याने भराव्यात आणि त्यानंतरच नॉट नल ही अट लावावी.

गैरसमज ६ : नवे मूल्य जोडणे नेहमीच निर्धोक असते.

वस्तुस्थिती : मोठी अ‍ॅप्लिकेशन एकाच वेळी अनेक सर्व्हरवर चालतात आणि नवी आवृत्ती चढवताना काही काळ जुना व नवा कोड एकाच डेटाबेसवर काम करत असतो. नव्या कोडने ‘छाननीत’ असे मूल्य लिहिले आणि ती नोंद जुन्या कोडच्या हाती पडली, तर रेल्समध्ये अवस्था रिकामी दिसते आणि जेपीएमध्ये अपवाद उद्भवून विनंतीच फसू शकते. वापरकर्त्याने अद्ययावत न केलेल्या मोबाइल अ‍ॅपची गतही अशीच होते, कारण त्याच्यापाशी त्याची स्वतःची जुनी यादी असते. यासाठी नवे मूल्य आधी सर्वत्र वाचता येईल असे करावे आणि मगच ते लिहिण्यास आरंभ करावा. मूल्य काढताना हाच क्रम उलटा होतो, म्हणजे लिहिणे थांबवायचे, जुन्या नोंदी बदलायच्या आणि शेवटी नाव वगळायचे.

गैरसमज ७ : जे साठवले जाते तेच वापरकर्त्याला दाखवायचे असते.

वस्तुस्थिती : साठवलेले मूल्य ही स्थिर खूण असते, तर पडद्यावरचा शब्द भाषेनुसार आणि धोरणानुसार बदलतो. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये हा भेद पहिल्याच दिवशी जाणवतो. जँगोमध्ये मूल्याबरोबर वेगळे लेबल देता येते आणि ते अनुवादितही करता येते, तर रेल्समध्ये असे शब्द अनुवादाच्या फाइलींत ठेवण्याचा प्रघात आहे. मराठी शब्दच मूल्य म्हणून वापरल्यास एक व्यावहारिक मर्यादाही आड येते : पोस्टग्रेसच्या नेहमीच्या मांडणीत एनम प्रकारातील नाव ६३ बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही, आणि यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे स्वतंत्र मात्रा व हलन्त धरून, ३ बाइट घेत असल्याने अशा चिन्हांची मजल २१ पर्यंतच जाते. लेबल वेगळे ठेवले की उद्या ‘नामंजूर’ऐवजी ‘अपात्र’ लिहायचे ठरले तरी एकाही नोंदीला हात लावावा लागत नाही.

गैरसमज ८ : यादी मर्यादित आहे, म्हणजे तिच्यासाठी एनमच हवे.

वस्तुस्थिती : यादी किती लांब आहे यापेक्षा ती कोण बदलतो आणि ती बदलल्यावर कोडला काही वेगळे करावे लागते का, हे पाहणे निर्णायक असते. महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी मर्यादित आहे खरी, परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा होऊन जिल्हे ३६ झाले आणि २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. असे बदल शासकीय अधिसूचनेने होतात, आणि त्या प्रत्येक वेळी कोड बदलून नवी आवृत्ती चढवावी लागणे अनाठायी आहे. अशा यादीसाठी स्वतंत्र संदर्भ-टेबल ठेवून मूळ टेबलातून परकीय कळीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे निर्देश करणाऱ्या कॉलमने, तिच्याशी नाते जोडणे श्रेयस्कर असते. त्यामुळे नावाबरोबर संकेतांक, दाखवण्याचा क्रम आणि ‘आता वापरात नाही’ अशी खूणही ठेवता येते. याउलट अर्जाच्या अवस्थेतील प्रत्येक नव्या मूल्यामागे कोडमध्ये नवे नियम येतात, म्हणून तेथे एनम शोभते.

एकंदरीत, एनम क्षेत्र जोडताना साठवलेल्या मूल्याचा अर्थ कधीही न बदलणे हा मूळ नियम आहे आणि बाकीची शिस्त त्यातूनच येते. मूल्ये स्पष्ट लिहावीत, त्यांचा अटकाव डेटाबेसमध्येही घालावा, मूलभूत मूल्य आणि नल यांबाबत निर्णय करून तो नोंदवावा व पडद्यावरचे शब्द वेगळे ठेवावेत. ज्यांच्या चालू प्रणालीत क्रमावर आधारलेली एनम आहेत त्यांनी यादीत पुढचा बदल करण्याआधी आज प्रत्यक्षात साठवले जाणारे अंक त्या त्या नावापुढे लिहून टाकावेत. या दुरुस्तीसाठी एकही नोंद बदलावी लागत नाही.